दिरंगाईचा खर्च कोणाच्या खाती?



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. परदेशात भांडवल गुंतवून तेथे राहण्याचा परवाना मागणारे लोक या मंडपात असून असणार किती? ज्याच्यापाशी पाच लाख युरो आहेत त्याचा अर्ज एखाद्या कचेरीत दोन वर्षे पडून राहिला, तर त्याचे दुःख आपण उन्हाळ्याच्या संध्याकाळी येथे बसून का ऐकावे?

आमचे उत्तर असे आहे. गरिबाचे काम अडले की त्याचे कारण सांगणे सोपे वाटते. पैसा नाही, वशिला नाही, म्हणून अडले, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु जेथे पैसा आहे, कायदा अनुकूल आहे, कागदपत्रे चोख आहेत, सरकारला तो माणूस हवासुद्धा आहे, आणि तरीही वर्षानुवर्षे उत्तर येत नाही, तेथे दिरंगाई ही वस्तू दुसऱ्या कोणत्याही रोगाची भेसळ नसताना पाहावयास मिळते. ती कशी जन्मते, कोणाला कशी छळते आणि तिच्याशी कसे वागावे, हे तेथे नीट शिकता येते. हे शिक्षण तहसील कचेरीत फेरफाराच्या नोंदीसाठी चपला झिजवणाऱ्यालाही उपयोगी पडेल, असा आमचा विश्वास आहे.

'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण आपण अशा सुरात उच्चारतो की जणू हा रोग आपल्याच मातीतला आहे. युरोपात सारे घड्याळाच्या काट्यावर चालते, असा आपला एक गोड समज आहे. म्हणून आम्ही उदाहरण घेतो ते युरोपातलेच, पोर्तुगालचे.

२००८ नंतरच्या आर्थिक अरिष्टात जी राष्ट्रे सापडली त्यांत पोर्तुगाल होते. २०११ साली त्या देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ७८ अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले. घरांना गिऱ्हाईक नव्हते आणि तरुण माणसे देश सोडून चालली होती. अशा वेळी २०१२ च्या एका कायद्याने तेथील सरकारने परकीय भांडवलवाल्यांपुढे एक देवघेव मांडली. युरोपीय संघाबाहेरील माणसाने पोर्तुगालमध्ये पाच लाख युरोंची मालमत्ता घ्यावी, किंवा दहा लाख युरो देशात आणावेत, किंवा रोजगार निर्माण करावा. बदल्यात त्याला व त्याच्या कुटुंबाला निवास परवाना मिळेल. राहण्याची अट लवकरच इतकी सैल झाली की वर्षाकाठी सरासरी सात दिवसांचा मुक्काम पुरे झाला. पुढे कायम निवास, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याअंती नागरिकत्वाचाही अर्ज करता येऊ लागला. या परवान्याला लोकांनी 'गोल्डन व्हिसा' हे नाव दिले. २०२३ पर्यंत बारा हजारांहून अधिक मुख्य अर्जदारांना तो मिळाला आणि त्या वाटेने देशात सात अब्जांहून अधिक युरो आले. त्यांत चिनी अर्जदार सर्वांत पुढे होते. हिंदी माणसेही होती.

आता या देवघेवीत एक गोष्ट ध्यानात घ्या. गिऱ्हाईक आधी पैसे टाकतो आणि माल मागाहून मिळतो. भांडवल प्रथम गुंतवावयाचे, मग अर्ज करावयाचा. अर्जाची छाननी झाली की बोटांचे ठसे देण्यासाठी तेथे जातीने हजर व्हावयाचे. त्यानंतर अंतिम मंजुरी, मग शुल्क, मग हातात कार्ड. कायद्याच्या पुस्तकात निवास परवान्याच्या अर्जावर निर्णय देण्यास ९० दिवसांची मुदत लिहिलेली होती. प्रत्यक्षात नुसत्या ठशांची तारीख मिळण्यास कित्येकांना वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षे लागली. आणि कार्ड हाती येईतो आणखी एखादे वर्ष गेले.

हे का झाले? कोणी एक दुष्ट अधिकारी फाइल दाबून बसला होता असे समजू नका. या घोळाला अनेक पदर आहेत.

पहिला पदर संशयाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये या परवान्यांच्या व्यवहारांत लाचलुचपत झाल्याच्या आरोपावरून तेथे बड्या अधिकाऱ्यांना अटक झाली. गृहमंत्री मिगेल मासेदु यांनी राजीनामा दिला. २०१९ साली न्यायालयाने मासेदु यांना निर्दोष ठरवले, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परंतु असा एखादा प्रसंग घडला की कोणत्याही देशातील कारकून सही करताना दहादा थबकतो. दिलेला परवाना उद्या चौकशीत सापडेल, पण न दिलेल्या परवान्याबद्दल कोणी चौकशी करीत नाही, हे तो पक्के जाणतो. दिरंगाई ही पुष्कळदा आळसातून येत नाही. ती भीतीतून येते.

दुसरा पदर महामारीचा. २०२० साली कचेऱ्या बंद झाल्या. अर्ज संगणकावर करता येत होता, पण बोटाचा ठसा संगणकातून पाठवता येत नव्हता. अर्जांचा ओघ चालू आणि ठशांची खिडकी बंद, असे झाल्यावर पाणी तुंबणारच.

तिसरा पदर सर्वांत गंभीर आहे. मार्च २०२० मध्ये लिस्बनच्या विमानतळावर इहोर होमेन्युक नावाचा एक युक्रेनी मनुष्य परकीय नागरिक खात्याच्या ताब्यात असताना मारहाणीमुळे मरण पावला. २०२१ साली त्या खात्याच्या तीन निरीक्षकांना शिक्षा झाली. देशाची मान खाली गेली आणि सरकारने ते खातेच मोडावयाचे ठरवले. सरहद्दीचे काम पोलिसांकडे गेले आणि परवान्यांचे काम २९ ऑक्टोबर २०२३ पासून एका नव्या संस्थेकडे आले. तिच्या पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'आइमा' म्हणतात. खाते मोडण्यामागचा हेतू स्वच्छ होता. परंतु घर बदलताना जसे एक गाठोडे कोठे गेले ते महिनाभर सापडत नाही, तसे तेथे दप्तरांचे झाले. जून २०२४ मध्ये सरकारनेच सांगितले की सुमारे चार लाख प्रकरणे प्रलंबित आहेत, आणि ती निकालात काढण्यासाठी एक स्वतंत्र पथक नेमावे लागले.

श्रोतेहो, चार लाख प्रकरणे म्हणजे काय? भांडवलवाल्यांचे अर्ज त्यांतला एक लहानसा कोपरा आहेत. उरलेले अर्ज कोणाचे? पोर्तुगालच्या दक्षिणेस ओदेमिरा नावाचा तालुका आहे. तेथे प्लास्टिकच्या छपरांखाली फळांची शेती चालते आणि ती फळे साऱ्या युरोपात जातात. त्या शेतांत राबणारे हात पुष्कळसे नेपाळ, बांगला देश आणि हिंदुस्थानातून गेलेले आहेत. २०२१ च्या वसंतात साथीमुळे त्या भागाची नाकेबंदी झाली, तेव्हा हे मजूर किती कोंदट जागांत दाटीने राहतात ते जगाला दिसले. पोर्तुगीज कायद्यात त्या काळी अशी सोय होती की देशात येऊन काम धरलेल्या माणसाने 'मला येथे राहावयाचे आहे' असा अर्ज करावा आणि उत्तराची वाट पाहावी. ती सोय जून २०२४ मध्ये बंद झाली. पण तोवर आलेल्या अर्जांचा डोंगर त्याच एका संस्थेच्या दारात उभा होता.

म्हणजे पाच लाख युरो गुंतवणारा आणि दिवसाच्या मजुरीवर फळे खुडणारा, दोघे एकाच दारापुढे ताटकळत होते. योगायोगाने आलेली अशी समता क्वचितच पाहावयास मिळते. मात्र दोघांचे ताटकळणे सारखे नव्हते. भांडवलवाल्याचे घर दुसरीकडे होते. तेथे त्याचा व्यवसाय चालू होता आणि मुले शाळेत जात होती. मजुराजवळ परवाना नसल्यामुळे त्याला आजारी आईला भेटावयास गावी जाता येत नव्हते. गेला तर परत येता येईल याचा भरवसा नव्हता. दिरंगाई सर्वांना एकाच लांबीची काठी मारते. पण ती कोणाच्या अंगरख्यावर बसते आणि कोणाच्या उघड्या पाठीवर.

येथे आम्हांला एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे पुष्कळ लोक नको तेथे डोके आपटतात. थांबणे दोन प्रकारचे असते. एक रांगेचे आणि दुसरे खोळंब्याचे. पोर्तुगालात जे झाले तो खोळंबा. रांगेचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे १९९० च्या कायद्याने भांडवलवाल्यांसाठी 'ईबी-५' नावाचा परवाना सुरू केला. वर्षाला सुमारे दहा हजार परवाने, कुटुंबीय धरून. आणि कोणत्याही एका देशातील लोकांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक नाहीत. मागणारे या मर्यादेहून जास्त झाले की त्या देशाच्या लोकांची रांग लागते. चिनी लोकांची अशी रांग २०१५ पासून लागली आणि हिंदी लोकांना तिचा अनुभव २०१९ साली आला. ही रांग कायद्यानेच घातलेली आहे. कारकुनाने रात्रंदिवस काम केले तरी ती हलत नाही. तेथे स्मरणपत्रे पाठवून काही होत नाही. दरमहा जाहीर होणारा तारखांचा तक्ता पाहावयाचा आणि रांगेत आपली जागा कोठे आहे ते समजून घ्यावयाचे. खोळंबा मात्र माणसांनी घातलेला असतो, म्हणून तो माणसांना सोडवता येतो. तेव्हा ज्याचा अर्ज अडला असेल त्याने पहिला प्रश्न हा विचारावा, की मी रांगेत आहे की खोळंब्यात? दोन्हींचे औषध वेगळे आहे.

आता खोळंबा माणसाचे काय करतो ते पाहू. भिजत पडलेले घोंगडे जसे तासातासाला जड होत जाते, तसा पडून राहिलेला अर्ज जड होत जातो.

एक तर कागद म्हातारे होतात. आपल्याकडील पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्टच्या कचेरीतून मिळतो. त्यावर परराष्ट्र खात्याची अपोस्टीलची मोहोर घ्यावयाची आणि मग अधिकृत भाषांतर करावयाचे. असा दाखला तिकडे तीन महिन्यांच्या आतला लागतो. ठशांची तारीख दीड वर्षाने आली म्हणजे तोच दाखला पुन्हा, तीच मोहोर पुन्हा, तेच भाषांतर पुन्हा. मध्यंतरी पासपोर्टाची मुदत संपते आणि नव्या पासपोर्टाचा क्रमांक जुन्या अर्जाशी जुळत नाही.

दुसरे, पैसा अडकतो. परवाना टिकवावयाचा तर गुंतवणूकही टिकवावी लागते. पाच वर्षांच्या हिशेबाने घातलेली रक्कम मग सात-आठ वर्षे हलवता येत नाही.

तिसरे, मुले वाढतात. अर्जाच्या दिवशी सोळा वर्षांचा असलेला मुलगा कार्ड येईतो अठराचा होऊन जातो. सज्ञान मुलाला कुटुंबाबरोबर परवाना हवा असेल तर तो अविवाहित आहे, आईबापांवर अवलंबून आहे आणि शिकतो आहे, हे सारे पुराव्याने दाखवावे लागते. अमेरिकेच्या रांगेत तर एकविसावे वर्ष ही मोठी भीतीची रेषा आहे. त्या वयाचे गणित करताना कचेरीत गेलेला काही काळ वजा करण्याची सवलत २००२ च्या एका कायद्याने दिली आहे. पण ती मोजकी आहे.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे, पायाखालचा कायदा सरकतो. ऑक्टोबर २०२३ च्या कायद्याने पोर्तुगालने घर घेऊन परवाना मिळवण्याची वाट बंद केली, कारण लिस्बनमध्ये सामान्य माणसाला भाड्याचे घर परवडेनासे झाले होते. आधी आलेले अर्ज कायम राहिले; पण 'आपला अर्ज आधीचा धरतील ना?' या चिंतेने कित्येक घरांतील झोप उडाली. पुढे नागरिकत्वाचा प्रश्न आला. पाच वर्षे मोजावयाची ती कोणत्या दिवसापासून? अर्ज केला त्या दिवसापासून, की कार्ड हाती आले त्या दिवसापासून?

श्रोतेहो, साऱ्या विषयाचा गाभा या लहानशा प्रश्नात आहे. कचेरीने तीन वर्षे लावली, तर ती तीन वर्षे कोणाच्या खाती पडावयाची? कार्डाच्या दिवसापासून मोजले तर ती अर्जदाराच्या आयुष्यातून वजा झाली. सरकारने उशीर केला आणि भुर्दंड त्याने भरला. अर्जाच्या दिवसापासून मोजले तर उशीर ज्याचा त्याच्या खाती गेला. मार्च २०२४ च्या कायद्याने पोर्तुगालच्या लोकसभेने दुसरा पक्ष उचलला. परवाना शेवटी मंजूर झाला असेल, तर मोजणी अर्जाच्या दिवसापासून, असे ठरवले. आम्हांला ही त्या साऱ्या घोळातील सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते. परंतु पुढे वारे फिरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच लोकसभेने पाच वर्षांची मुदत बहुतेकांसाठी दहा करणारा आणि मोजणी पुन्हा परवान्याच्या दिवसावर नेणारा मसुदा संमत केला. डिसेंबर २०२५ मध्ये तेथील घटना न्यायालयाने त्या मसुद्यातील काही कलमे घटनाबाह्य ठरवली आणि तो माघारी गेला. म्हणून या विषयात कोणी 'पाच वर्षांत पासपोर्ट' असे छातीठोक सांगू लागला, तर त्याला आधी राजपत्र दाखवावयास सांगावे.

मग अर्जदाराने करावे काय? आमच्या बुद्धीप्रमाणे चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. अर्जाची एक वही घालावी. कोणता कागद कोणत्या दिवशी काढला, त्याची मुदत केव्हा संपते, कोणते पत्र केव्हा पाठवले आणि त्याची पोच आली की नाही, हे तारखेवार लिहावे. पोच हा कागद मंजुरीच्या खालोखाल मोलाचा आहे. उद्या 'मी या दिवशी अर्ज केला होता' हे सिद्ध करावयाचे झाले तर तीच उभी राहते. ज्या दाखल्यांना मुदत असते ते फार आधी काढून ठेवू नयेत. तारीख मिळताच चटकन निघतील अशी तयारी मात्र ठेवावी. आणि नावांकडे पाहावे. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, लग्नानंतर तिसरे, कोठे वडिलांचे नाव मध्ये तर कोठे नाही, असा प्रकार घरोघरी असतो. परदेशी कारकुनाला ती तीन निराळी माणसे वाटतात. हा गुंता अर्जापूर्वी सोडवलेला बरा.

दुसरी गोष्ट पैशाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. ही मर्यादा २०१५ पासूनची आहे. आजच्या भावाने नवराबायकोची एका वर्षाची मर्यादा एकत्र केली तरी पाच लाख युरो भरत नाहीत. दोघांना ३१ मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन वर्षे धरावी लागतात. तेव्हा दिरंगाई लिस्बनला पोहोचण्याआधी घरातूनच सुरू होते, हे गृहीत धरावे. आणि जी रक्कम आठ वर्षे परत आली नाही तरी घरातील चूल, मुलांची शिक्षणे आणि म्हाताऱ्यांची औषधे चालतील, तेवढीच गुंतवावी. राहते घर विकून परवाना मागणे म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

तिसरी गोष्ट प्रवासाची. महामारीपासून पोर्तुगालने मुदत संपलेल्या परवान्यांना वेळोवेळी हुकूम काढून वाढ दिली. जून २०२४ पर्यंत, मग जून २०२५ पर्यंत, मग ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणि त्यापुढेही. पण असा हुकूम पोर्तुगालच्या हद्दीत चालतो. फ्रँकफुर्टच्या किंवा पॅरिसच्या विमानतळावरील अधिकारी कार्डावर छापलेली तारीख पाहतो. लिस्बनचा हुकूम मानण्यास तो बांधलेला नसतो. मुदत संपलेले कार्ड घेऊन जावयाचे असेल तर सरळ पोर्तुगालात उतरणारी वाट पाहावी.

चौथी गोष्ट कोर्टाची. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आम्हांलाही मान्य आहे. पण म्हणीला अपवाद असतात. पोर्तुगालात प्रशासकीय न्यायालये निराळी आहेत. मूलभूत हक्काचे रक्षण करण्यासाठी सरकारने अमुक करावे असा तातडीचा हुकूम तेथे मागता येतो. परवान्याचा निर्णय रखडला असता हा मार्ग घेता येईल काय, याबद्दल मतभेद होता. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने घेता येईल असा कौल दिला. मग काय विचारता! हजारो लोक धावले, आणि कचेरीपुढील रांग उचलून लिस्बनच्या न्यायालयापुढे लागली. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने या तातडीच्या मार्गाला अटी घातल्या. यातून बोध एवढाच घ्यावा की कोर्ट ही दिरंगाईतून सुटण्याची वाट खरी, पण ती एकट्यादुकट्यासाठी रुंद असते; सगळे गाव तिच्यात शिरले की तीही तुंबते. ज्याचे मूल सज्ञान होण्याच्या काठावर आहे, ज्याचे नुकसान भरून येणार नाही, त्याने वकिलाला विचारून जरूर जावे. ज्याची फक्त चुळबुळ वाढली आहे त्याने वकिलाची फी आधी मोजावी.

याच्याच पोटात एक इशारा. जेथे खोळंबा असतो तेथे 'तुमची फाइल हलवतो' म्हणणारा दलाल असतोच. वकील काय करणार ते कागदावर लिहून देतो आणि पावती देतो; दलाल कानात सांगतो. ज्याला कानात सांगावे लागते ते काम करून घेऊ नये. पुढे चौकशी झालीच तर दलाल सापडत नाही, अर्जदार सापडतो.

पोर्तुगालचे नाव काढले म्हणजे आपल्या शेजारचा गोवा आठवल्यावाचून राहत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या नोंदणी कचेरीत जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ही वाट भांडवलाची नाही, जन्माची आहे. पण थांबणे तेथेही सुटलेले नाही. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक स्पेलिंग आणि आईच्या लग्नाच्या नोंदीत दुसरे, म्हणून वर्षे जातात. शिवाय हिंदुस्थानच्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशी नागरिकत्व घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे येथील नागरिकत्व जाते. निवास परवान्याने मात्र ते जात नाही. हा फरक ज्याला कळला त्याला थांबण्याच्या काळाचा एक उपयोगही सापडेल. आपल्याला पुढे खरोखर काय व्हावयाचे आहे, याचा विचार करण्यास तेवढी सवड मिळते.

कारण दिरंगाईचे सर्वांत मोठे नुकसान कागदात किंवा पैशात दिसत नाही. आम्ही पाहतो की घरात असा एक अर्ज पडला की सारे घर त्याच्याभोवती थांबते. 'आता कशाला दुरुस्ती, आपण जाणारच आहोत', म्हणून गळके छप्पर तसेच राहते. मुलाचे कॉलेज ठरत नाही. मुलीचे लग्न लांबते. म्हातारी आई विचारते, 'केव्हा जाणार?', आणि कोणी उत्तर देत नाही. घर येथेही नसते आणि तेथेही नसते. कचेरीने फक्त एक कागद अडवलेला असतो. बाकीचे आयुष्य आपणच तिच्या टेबलावर नेऊन ठेवतो. तेव्हा आमचे आग्रहाचे सांगणे असे की अर्ज करावा, वही ठेवावी, पाठपुरावा करावा; पण मुलाला जे कॉलेज आज योग्य वाटते त्यात आज घालावे, छप्पर यंदाच्या पावसाआधी शाकारून घ्यावे. परवाना आला तर त्या दिवशी पुढचा विचार करता येईल.

ही झाली अर्जदाराची बाजू. दुसरी बाजू आपणां सर्वांची, म्हणजे नागरिकांची. आपल्या महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. दाखला, नोंद, परवाना अशा जाहीर केलेल्या सेवा ठरल्या मुदतीत मिळाल्या पाहिजेत. न मिळाल्या तर अपील करता येते. आणि योग्य कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम लहान आहे. पण तत्त्व तेच, जे लिस्बनमध्ये २०२४ साली मान्य झाले आणि २०२५ साली डळमळले. उशिराचा खर्च वाट पाहणाऱ्याच्या खाती टाकू नये. हा कायदा आपल्यापैकी किती जणांनी वापरला? दाखला रखडला की आपण ओळखीचा माणूस शोधतो. अपिलाचा अर्ज लिहीत नाही. ओळखीने आपले काम होते आणि मागच्याचे आणखी एक दिवस मागे पडते. आपल्या सुटकेचा खर्च आपण त्याच्या खाती टाकलेला असतो.

ओदेमिराच्या त्या मजुराजवळ ओळख नव्हती, वकील नव्हता. हातात फक्त अर्जाची पोच होती. मोजणी अर्जाच्या दिवसापासून धरावयाची असे ठरले तेव्हा त्या पोचेच्या कागदाला प्रथमच किंमत आली. पाच लाख युरोवाल्याच्या आणि त्याच्या पोचेला सारखीच. कोणत्याही राज्यकारभाराची पारख करावयाची झाली तर आम्ही तेथील राजवाडे पाहणार नाही. साध्या माणसाच्या हातातील पोचेला तेथे काय किंमत आहे, एवढेच विचारू. आणि तोच प्रश्न आपल्या गावच्या कचेरीलाही विचारावा, अशी आपणांस विनंती करून हे भाषण पुरे करतो.